एकाच अंदाजाच्या दोन वेळा

हवामान-अंदाजातल्या प्रत्येक आकड्याला दोन वेळा असतात: मॉडेलचा रन जिथून सुरू झाला ती आरंभवेळ आणि अंदाज ज्या क्षणाचा आहे ती लागू वेळ. १२ जूनच्या ०० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) रनमधला ३६ तासांपुढचा आणि त्याच दिवशीच्या १२ यूटीसी रनमधला २४ तासांपुढचा आकडा, दोन्ही १३ जूनच्या १२ यूटीसीचेच, तरीही ते दोन वेगळे अंदाज आहेत. सगळे रन एकाच वेळ-अक्षावर जोडले की त्याच वेळा पुन्हा पुन्हा येतात आणि कोणता आकडा कोणत्या रनचा, हे सांगता येत नाही.

म्हणून मूळ डेटा रन आणि लीड टाइम (आरंभवेळेपासून अंदाज किती तास पुढचा आहे ते अंतर) या दोन मितींतच, म्हणजे दोन स्वतंत्र अक्षांवर, साठवावा आणि त्यांच्या बेरजेतून येणारी लागू वेळ द्विमितीय कोऑर्डिनेट (प्रत्येक रन-लीड जोडीची वेळ सांगणारा तक्ता) म्हणून सोबत ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. लीड टाइमऐवजी लागू वेळेलाच मिती केले, तर दिवसातून चारदा चालणाऱ्या, १६ दिवसांपर्यंत जाणाऱ्या जीएफएस या अमेरिकी जागतिक हवामान-मॉडेलच्या महिनाभराच्या रनमध्ये सुमारे दोन-तृतीयांश जागा रिकामी राहते. सीएफ संकेतांत (हवामान-डेटाच्या फाइलींत नावे व एकके लिहिण्याच्या प्रमाण नियमांत) आरंभवेळ, लीड टाइम आणि लागू वेळ या तिन्हींना स्वतंत्र प्रमाण नावे आहेत आणि ती फाइलीत लिहायलाच हवीत. कारण सीएफग्रिबने (ग्रिब स्वरूपातल्या हवामान-फाइली वाचणाऱ्या पायथन साधनाने) उघडलेल्या फाइलीत ‘टाइम’ म्हणजे एरवी आरंभवेळ असते, तर बऱ्याच नेटसीडीएफ (हवामान-डेटा साठवण्याचे दुसरे स्वरूप) फाइलींत तेच नाव लागू वेळेला दिलेले आढळते.

वेळेच्या एककाकडे तर विशेष लक्ष द्यावे. अनेकदा प्रत्येक फाइलीत वेळ ‘आरंभवेळेपासूनचे तास’ अशी असते. त्यामुळे दोन रनचे कच्चे आकडे हुबेहूब सारखे दिसतात आणि डीकोड न करता, म्हणजे प्रत्यक्ष तारखांत न बदलता, ते जोडले, तर दुसऱ्या रनचा सगळा अंदाज पहिल्या रनच्या तारखांना चिकटतो, तोही कोणतीही एरर न येता.

पावसाचे गणित आणखी नाजूक आहे. ईसीएमडब्ल्यूएफ या युरोपीय हवामान-अंदाज केंद्राच्या अंदाजात एकूण पाऊस रनच्या आरंभापासून साठत जातो, म्हणून सहा तासांचा पाऊस काढताना वजाबाकी एकाच रनच्या आत करावी. प्रत्येक वेळेसाठी सर्वांत ताजा रन निवडून केलेल्या सलग मालिकेत ही वजाबाकी केली, तर रन बदलतो तिथे पाऊस चक्क उणे येऊ शकतो. ती मालिका आलेख दाखवण्यापुरती ठीक आहे. अंदाजाची अचूकता तपासताना मात्र लीड टाइम ठरवून, तेवढ्याच लीडचे आकडे सर्व रनमधून घ्यावेत.