पादुकांच्या मागून

वाल्ह्याच्या मुक्कामी माझ्या उजव्या टाचेला मोठा फोड आला होता. आमच्या दिंडीतल्या एका आजींनी सुईत पांढरा दोरा ओवला, फोडाच्या एका कडेनं सुई घातली, दुसऱ्या कडेनं काढली आणि दोरा तसाच आत ठेवून टोकं कापली. म्हणजे पाणी झिरपून जातं आणि वरची कातडी निघत नाही. माझा पाय त्यांच्या मांडीवर होता. मी संकोचून सारखा मागे घेत होतो. त्या म्हणाल्या, "माऊली, पाय सैल सोड की. मी काय परकी हाय व्हय?" काम झाल्यावर त्यांनी त्याच पायाला हात लावून नमस्कार केला.

वारीत हे सगळ्यांशीच होतं. दिवे घाट चढून आल्यावर माझ्या आजोबांच्या वयाचा एक वारकरी असाच माझ्या पायांवर वाकला होता. मी पहिल्यांदाच आळंदीहून चालत निघालो होतो. चालणं जमत होतं, ऊन-पाऊस सोसत होतो, पण कुणी पायाला हात लावला की सोसवत नव्हतं. हे पाय कुणाच्या जमिनीवर उभे आहेत, ते मला माहीत होतं.

वडील गेले तेव्हा मी २२ वर्षांचा होतो आणि शिकायला बाहेरगावी राहत होतो. दादा माझ्याहून ९ वर्षांनी मोठा. वडिलांच्या आजारपणात घर आणि शेत त्यानंच ओढलं. शेत ४ एकर. दिवसकार्य झाल्यावर आई आणि मामांनी त्याला सांगितलं की पाइपलाइनचं कर्ज एका नावावर लवकर होतं, धाकट्याच्या नावावर करू, तू हक्कसोडपत्रावर सही दे, वाटणी पुढं करूच. दादानं कागद वाचला नाही. आईनं सही केली, मग त्यानं केली, अंगठा उठवला आणि त्याच संध्याकाळी उसाला पाणी द्यायला गेला. वर्षभरानं त्यानं वाटणीचा विषय काढला, तेव्हा आई म्हणाली, "धाकट्याचं सगळं अजून व्हायचंय." दादा भांडला नाही. वहिनी आणि पुतणीला घेऊन शहरात गेला. तिथं एका गोदामात रात्रपाळी करतो. सातबारावर माझं एकट्याचं नाव आहे.

सही झाली त्या दिवशी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. महिनाभरात कळलं. त्यानंतर ६ वर्षं मी स्वतःला एकच सांगत आलो, की मी काही केलेलं नाही, जे केलं ते आईनं केलं. दोन वर्षांपूर्वी मी आईशी बोलणं टाकलं. एका घरात राहून, तिच्या हातचं जेवून, बोलणं नाही. आपण दादाच्या बाजूनं उभे आहोत असं मला त्यातून वाटायचं.

वाल्हे हे वाल्मीकींचं गाव मानतात. तिथं त्यांची समाधीही दाखवतात. रात्री हरिपाठ झाल्यावर आमचे विणेकरी अण्णा पालात बसून बोलत होते. वाल्या कोळ्याची गोष्ट निघाली. माझ्या पापात वाटेकरी कोण, असं त्यानं बायकापोरांना विचारलं आणि सगळ्यांनी हात झटकले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. अण्णा म्हणाले, "ते वाल्याचं झालं. पण पाप दुसऱ्यानं केलं आणि पदरात ज्याच्या पडलं, त्यानं काय करायचं? ज्यानं मागितलंही नव्हतं, त्यानं? त्याची गोष्टपण याच बाबानं लिहून ठेवलीय." आणि ते भरतावर आले.

आपण भरताला फार लवकर संत करून टाकतो, असं मला तेव्हापासून वाटतं. भरतभेट म्हटलं की दोन भाऊ मिठी मारताहेत हे चित्र आठवतं, आणि त्या मिठीपर्यंतचा रस्ता राहून जातो. नंतर मी अयोध्याकांड भाषांतरातून सावकाश वाचलं. भरत आजोळी आहे, केकय देशातल्या राजगृहात. वाईट स्वप्नं पडताहेत. दूत येतात, पण खरं काय ते सांगत नाहीत. तो अयोध्येत शिरतो तर रस्ते सुने. आईकडे जातो, तर ती आनंदात आहे. वडील गेले, राम वनात गेला, राज्य तुझं. इतकं सगळं एका बैठकीत एका तरुण पोरावर येऊन पडतं. तो आईला नको नको ते बोलतो.

त्याच्यावर विश्वास कुणाचाच बसत नाही. कौसल्या म्हणते, मिळालं ना तुला हवं होतं ते निष्कंटक राज्य! गंगेवर निषादराज गुह ५०० नावा सज्ज ठेवतो, कारण हा रामाला मारायला निघाला असेल. भरद्वाज ऋषीसुद्धा विचारतात, त्या निष्पाप माणसाचं काही वाईट करायचं तुझ्या मनात नाही ना? चित्रकूटावर लक्ष्मण झाडावर चढतो, त्याला भरताच्या सैन्यातला अयोध्येचा ध्वज, कोविदार झाडाच्या खुणेचा, दिसतो आणि तो धनुष्य उचलायला निघतो. भरतानं प्रत्येकाला तेच उत्तर परत परत दिलं. असं कसं विचारता म्हणून तो कुणावर उसळला नाही. मला ६ वर्षांत एका मावसभावानं एकदाच "तुझं बरं झालं रे" असं म्हटलं, तर मी त्याच्या लग्नाला गेलो नव्हतो.

त्या रात्री अण्णांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला तो भरताच्या शपथांवर. कौसल्येपुढं तो एकामागून एक शपथ घेत सुटतो. निजलेल्या गाईला लाथ मारणाऱ्याचं पाप त्याला लागो, पिण्याचं पाणी नासवणाऱ्याचं पाप त्याला लागो, राबवून घेऊन मजुरी न देणाऱ्याचं पाप त्याला लागो, आणि प्रत्येक शपथेच्या शेवटी तेच शब्द येतात: ज्याच्या संमतीनं आर्य वनात गेले. अण्णा वीणा खांद्यावरून न उतरवता म्हणाले, "ज्यानं घालवलं, असं नाही म्हणत तो. ज्याच्या संमतीनं, असं म्हणतो."

मी अंधारात पडल्या पडल्या मनातल्या मनात ती शपथ घेऊन पाहिली. पहिल्या दिवशीची घेता आली. दुसऱ्या महिन्यापासूनची येईना. राबवून घेऊन मजुरी न देणाऱ्याचं पाप, इथंच अडलो. दादानं १० वर्षं ते शेत कसलं होतं.

दुसऱ्या दिवशी नीरेचं स्नान. रथ नदीशी थांबतो, माऊलींच्या पादुका हातात घेऊन दत्त घाटावर नेतात आणि नीरेच्या पाण्यात स्नान घालतात. मी बऱ्याच लांब, काठावरच्या गर्दीत होतो. चांदी उन्हात एकदा चमकली तेवढीच दिसली, मग पाणी, मग पुन्हा चमकली. सगळीकडून "माऊली माऊली" असा एकच आवाज उठला. शेजारच्या बाईंच्या कडेवरचं पोरसुद्धा हात जोडून होतं. लाखो माणसं ज्यांच्यामागं चालतात ती वस्तू म्हणजे एक पादुकांचा जोड, हे आळंदीपासून रोज समोर असून मला तिथं दिसलं. भरतानंही पादुकाच मागितल्या होत्या. राम परतायला तयार होईना, तेव्हा त्यानं पादुकांवर रामाचे पाय ठेवून घेतले, त्या मस्तकी धरल्या आणि अयोध्येत न राहता एका कोसावर नंदिग्रामात जटा-वल्कलं घालून राहिला. पादुकांवर छत्र धरलं. राज्याची कुठलीही गोष्ट असो, आधी पादुकांना सांगायची आणि मग करायची. अशी १४ वर्षं. सिंहासन रोज डोळ्यांसमोर, आणि त्यावर बसायचं नाही.

त्याच संध्याकाळी लोणंदला समाजआरती होती. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तळावर दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार दंड उंच करतात आणि क्षणात सगळं शांत होतं. मात्र ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल, तिचे टाळ वाजत राहतात. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, काय झालं ते ऐकून घेतात, निवाडा होतो. हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारतात. हे सगळं पादुकांसमोर, आरतीच्या आधी. त्या दिवशी डाव्या अंगाला एका दिंडीचे टाळ वाजत राहिले. पाण्याच्या टँकरचं काहीतरी होतं. चोपदार गेले, ऐकलं, टाळ थांबले आणि आरती सुरू झाली.

माझ्या दादानं ६ वर्षांत एकदाही टाळ वाजवला नव्हता. सणाला फोन करायचा, पाऊस किती झाला विचारायचा, विहिरीला पाणी आलं का विचारायचा. आपलं गाऱ्हाणंच नाही असं तो वागला आणि मी ते खरं धरून चाललो.

लोणंदनंतर चांदोबाचा लिंब, तिथलं उभं रिंगण, तरडगाव. हे दिवस पावसातच गेले. फलटणला मुक्काम पडला तेव्हा मी अण्णांबरोबर राजवाड्याशेजारच्या राममंदिरात गेलो. दर्शन घेऊन सभामंडपात टेकलो. अण्णांना मी एव्हाना सगळं सांगितलं होतं, तारखांसकट. त्यांनी मला चांगलं-वाईट काही म्हटलं नव्हतं. तिथं बसून म्हणाले, "भरत पादुका घेऊन निघाला तेव्हा रामानं त्याला शेवटी काय सांगितलं, ठाऊक आहे? आईला सांभाळ. कैकेयीवर रागावू नको. माझी आणि सीतेची शपथ आहे तुला."

मी गप्प बसलो. अण्णांनी पुढं काही जोडलं नाही. पण मला ते लोणंदच्या टाळांपेक्षाही जास्त लागलं. ज्याला वनात घालवलं तो रागावू नको म्हणतो, आणि ज्याच्या पदरात राज्य पडलं तो मी आईला शिक्षा देत बसलो होतो. दोन वर्षं अबोला धरला, पण त्या दोन वर्षांत सातबारावर एका अक्षराचा फरक पडला नव्हता. आईशी न बोलणं मला फुकट पडत होतं. मी खिशातून फोन काढला, आईचं नाव काढलं आणि तसाच परत ठेवला. नाही झालं माझ्याच्यानं.

वेळापूर सोडलं की भंडीशेगावच्या वाटेवर तोंडले-बोंडल्याच्या पुढं टप्पा म्हणून जागा आहे. तिथं बंधुभेट होते. सासवडहून निघालेली सोपानकाकांची पालखी दुसऱ्या वाटेनं येते आणि तिथं थोरल्या भावाला, माऊलींना भेटते. दोन रथ हळूहळू एकमेकांजवळ आणतात. दोन्हीकडची मानकरी मंडळी एकमेकांना नारळ देतात. इतकंच. पण माझ्या पुढं उभे असलेले, हातात पताका घेतलेले एक गृहस्थ हमसून रडत होते आणि डोळे पुसायलाही हात खाली घेत नव्हते.

मला आठवत होता तो हनुमान. १४ वर्षं संपली, लंका झाली, राम परतीच्या वाटेवर भरद्वाजांच्या आश्रमात आहे. तिथून तो हनुमानाला पुढं पाठवतो आणि सांगतो, मी येतोय हे ऐकल्यावर भरताचा चेहरा कसा होतो ते नीट पाहून ये. बापजाद्यांच्या भरल्या राज्यानं कुणाचं मन फिरणार नाही? त्याला हवं असेल तर त्यानंच राज्य करावं. रामाला संशय होता की भावाला संकटात टाकायचं नव्हतं, यावर मी पुढचे दोन मुक्काम विचार करत चाललो. दुसरंच खरं असावं, असं माझं मन म्हणतं. हनुमानाला दिसला तो वाळलेला, मळलेला, जटा वाढलेला भरत. त्यानं पादुका स्वतःच्या हातानं रामाच्या पायांत घातल्या आणि ठेव परत करावी तसं राज्य परत केलं. कोठारं मोजून घ्या म्हणाला, दसपट झाली आहेत.

पंढरपुरात चंद्रभागेत स्नान केलं, कळसाचं दर्शन घेतलं, नामदेव पायरीशी डोकं टेकलं. अण्णांचा निरोप घेतला. घरी गेलो नाही. पहिली मिळाली त्या एसटीनं दादाच्या शहरात गेलो.

सकाळची वेळ होती. दादा रात्रपाळी करून नुकताच आला होता, अंगावर कामाचाच शर्ट. दारात मी, गळ्यात तुळशीची माळ, हातात चुरमुऱ्या-बत्ताशांची पिशवी. आत बोलावण्याआधीच मी बोलून टाकलं. म्हटलं, "दादा, मला सगळं माहीत होतं. पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. कागद करायचा आहे. वाटणी तुला हवी तशी तूच कर, मी सही करतो. तारीख तू सांग."

तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. बराच वेळ. मी नजर खाली घेतली नाही. मग त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. टाचेची कातडी काळी पडून सुटत आली होती. त्यानं आत हाक मारून वहिनीला बादलीभर कोमट पाणी आणायला सांगितलं, मला पलंगावर बसवलं आणि स्वतः खाली बसला.

"आईशी बोलतोस का?" त्यानं विचारलं.

मी नाही म्हटलं.

त्यानं शर्टाच्या खिशातून आपला फोन काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडं रिंग वाजत होती.