झॉम्बी संकटाचा आराखडा, तिसरे वर्ष : पाण्याचा हिशेब चुकला होता

झॉम्बींचे संकट आले तर गडावर तग कसा धरायचा, याचा आराखडा आमचा गट हौसेने करतो. गेल्या दोन वर्षांत त्याचा बहुतेक वेळ शस्त्रे, तटबंदी आणि पळवाटा यांवर गेला. यंदा फेब्रुवारी ते जून या पाच महिन्यांत आम्ही फक्त पाणी, धान्य आणि आवाज या तीनच गोष्टींवर काम केले. त्यातून निघालेला निष्कर्ष असा की, आमचा जुना आराखडा झॉम्बींच्या हल्ल्यात टिकला असता, पण चैत्र-वैशाखात कोसळला असता.

नव्याने येणाऱ्यांसाठी आमची गृहीतके थोडक्यात सांगतो. झॉम्बी सावकाश चालतो, थकत नाही, आवाजाकडे ओढला जातो, त्याला पोहता येत नाही आणि संसर्ग चाव्यातून होतो. गट आठ जणांचा आहे आणि सगळे पुण्यात राहतात. ओटावा येथील गणितज्ञांनी २००९ साली झॉम्बी संसर्गाचे जे गणिती प्रारूप मांडले, त्यात केवळ विलगीकरणाने माणूस वाचत नाही, लवकर आणि वारंवार केलेल्या जोरदार प्रतिहल्ल्यानेच वाचतो, असे दिसते. आम्ही आठ जण प्रतिहल्ला करणार नाही. तो सैन्य करील असे धरून, तोपर्यंत एक पूर्ण वर्ष काढणे एवढेच आमचे उद्दिष्ट आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मे २०११ मध्ये लोकांना आपत्तीच्या तयारीकडे वळवण्यासाठी झॉम्बींचाच आधार घेतला होता. त्यामागचा विचार आम्हांला मनापासून पटतो, कारण झॉम्बीसाठी केलेली तयारी पुरालाही चालते आणि भूकंपालाही.

पहिल्या वर्षी आम्ही आसऱ्यासाठी सिंहगड निवडला होता. देवटाक्याचे पाणी आणि शहरापासूनचे जवळचे अंतर या त्याच्या बाजू, पण वरपर्यंत मोटाररस्ता जातो, आणि जिथे गाडी सहज चढते तिथे न थकणारा झॉम्बीही सहज चढेल. म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही राजगडावर आलो. तिथे गाडी पायथ्यालाच थांबते, बालेकिल्ल्याची चढण हातांनी कातळ धरल्याशिवाय जमत नाही, आणि संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी पाहिली की एका भिंतीवर विसंबायचे नाही हा विचार त्या काळी किती बारकाईने झाला होता ते कळते. आमच्या गटातील मूळचे मालवणचे काका अजूनही सिंधुदुर्गाचा आग्रह धरतात. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या विहिरी चहूकडे खारे पाणी असताना कुरटे बेटावर आहेत, हा त्यांचा मुद्दा खोडता येत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की किल्ल्याचा किनाऱ्याशी संपर्क आपोआप तुटतो हेही खरे. परंतु पोहू न शकणारा झॉम्बी श्वासही घेत नसेल, तर तो समुद्रतळावरून चालत येईल का, या प्रश्नावर आमचे एकमत झालेले नाही. शिवाय त्या तुटलेल्या महिन्यांत सरपण आणि धान्यही येत नाही. काकांनी तो आराखडा स्वतंत्रपणे लिहून काढावा असे ठरले आहे.

आता मुख्य विषय. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठा राज्यकारभारावरच्या जुन्या ग्रंथात, दुर्गांच्या प्रकरणात आधी पाणी पाहावे आणि मग किल्ला बांधावा असे सांगितले आहे. हे आपण सगळेच जाणतो, पण त्याच्या पुढचा भाग मी या वर्षी पहिल्यांदा लक्ष देऊन वाचला. गडावर झरा आहे आणि पाणी पुरते आहे, म्हणून निश्चिंत राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात आणि त्याच वेळी पाण्याचा खर्च वाढतो, असे तिथे म्हटले आहे. वेढ्यात पाणी जास्त लागते, ही गोष्ट आमच्या हिशेबात कुठेच नव्हती. आम्ही माणशी रोज ५ लिटर धरून मोकळे झालो होतो.

तो आकडा तपासण्यासाठी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चौघांनी माझ्या घरी ७२ तासांची तालीम केली. नळाची मुख्य तोटी बंद केली, पंखे बंद ठेवले, आणि ६० लिटर पाणी तीन पिंपांत मोजून भरले. प्रत्येक तांब्या वहीत लिहिला. पिण्यासाठीच ३९ लिटर गेले, म्हणजे माणशी रोज सव्वातीन लिटर, आणि तेही डोंगर न चढता, सावलीत बसून. स्वयंपाकाला १२ लिटर लागले. उरलेल्या ९ लिटरमध्ये चौघांचे तीन दिवसांचे हातपाय, दात आणि भांडी बसवायची होती. भांडी राखेने घासून फडक्याने पुसली, तरी तिसऱ्या दिवशी सकाळी पिंप तिरके करावे लागले.

त्याच सकाळी जखमेची चाचणी ठरलेली होती. झॉम्बीच्या चाव्यावर उपचार कोणालाच ठाऊक नाही, परंतु चाव्यातून पसरणाऱ्या खऱ्या रोगांपैकी रेबीजमध्ये जखम साबण आणि पाण्याने सुमारे पंधरा मिनिटे धुणे हा जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेला पहिला उपाय आहे, म्हणून आम्ही तोच धरला आहे. बाटलीच्या झाकणाला दाभणाने एक भोक पाडले आणि धार मनगटावर सोडली. एक लिटर बरोबर दोन मिनिटांत संपले. म्हणजे एका चाव्याला साडेसात लिटर, आणि आमच्याकडे त्या वेळी दीड लिटरही नव्हते. ती बाटली हातात धरून आम्ही सगळेच काही वेळ गप्प होतो. आता माणशी रोज ८ लिटर हे प्रमाण ठरले आहे, आणि त्याव्यतिरिक्त १० लिटरचा एक कॅन फक्त जखमेसाठी बाजूला राहील. त्याला इतर कोणत्याही कारणासाठी हात लावायचा नाही.

आठ जणांना रोज ६४ लिटर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाऊस थांबला असे धरले, तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत साधारण २५० दिवस काढावे लागतात, म्हणजे १६,००० लिटर पाणी हवे. कातळात खोदलेले ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २ मीटर खोल टाके भरलेले असेल तर त्यात २४,००० लिटर पाणी मावते, त्यामुळे कागदावर प्रश्न सुटलेला होता. बाष्पीभवन मात्र आम्ही धरलेच नव्हते. मी गच्चीवर दोन पराती ठेवल्या, एक उघड्या उन्हात आणि दुसरी कठड्याच्या सावलीत, वर फळी टेकवून. रोज संध्याकाळी पोलादी पट्टी बुडवून मोजले. आठ दिवसांत उन्हातल्या परातीतले पाणी ६४ मिलिमीटर उतरले, सावलीतले जेमतेम ९. उथळ परात खोल टाक्यापेक्षा लवकर तापते हे मान्य करून, आणि थंडीचे महिने धरून, रोजचे सरासरी ५ मिलिमीटर घेतले, तरी २५० दिवसांत सव्वा मीटर पाणी उडून जाते. त्या टाक्यातून १५,००० लिटर सूर्य नेणार आणि आमच्या वाट्याला ९,००० उरणार.

म्हणून यंदाचा सर्वांत मोठा बदल हा, की उघडी तळी आणि मोठी टाकी आम्ही दुय्यम मानली आहेत आणि खांबटाक्यांना पहिले स्थान दिले आहे. डोंगराच्या पोटात आडवे कोरत नेलेले, छताला कातळाचेच खांब ठेवलेले टाके मी अनेकदा पाहिले होते आणि ते केवळ कोरीवकामाचे कौशल्य आहे असे समजत होतो. मार्च ते मे या काळात पाण्यावर ऊन पडू न देणे हे त्या खांबांमागचे काम आहे, हे परातीने शिकवले. पाहणी करणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे की टाक्यात उतरू नये, काही टाकू नये; दोरीला दगड बांधून काठावरून खोली मोजता येते, आणि गावातील लोक तेच पाणी पीत असतात.

धान्याबाबत थोडक्यात. माणशी रोज अर्धा किलो धान्य आणि १०० ग्रॅम डाळ धरली, तर आठ जणांना वर्षाला १,७५२ किलो लागते. प्रत्येकाने पाठीवर २० किलो चढवले तरी एका फेरीत ३३ दिवसांचीच बेगमी होते. गड स्वतःचे पोट कधीच भरत नव्हता. घेऱ्यातील, म्हणजे पायथ्याभोवतीची, गावे आणि वाटेवरची मेटे, म्हणजे पहाऱ्याच्या वस्त्या, त्याला जगवत होती. त्यामुळे पायथ्याच्या गावाला वगळून केलेला कोणताही आराखडा आम्ही यापुढे ग्राह्य धरणार नाही. साठवणीत गेल्या वर्षी माझ्या गव्हाला टोके लागले, कारण ऊन न देताच मी डबे भरले होते. कडुनिंबाचा पाला घातलेली नाचणी मात्र अजून जशीच्या तशी आहे, म्हणून निम्मे धान्य नाचणी असावे असे माझे मत आहे.

आवाजाच्या चाचणीत कुकर बाद झाला. गच्चीवर उभे राहिल्यावर समोरच्या इमारतीतली शिट्टी स्पष्ट ऐकू येते, तर मोकळ्या दरीत ती किती लांब जाईल याचा विचार करावा. तूरडाळ चार तास भिजवून, पातेल्यात दहा मिनिटे खळखळून उकळली आणि झाकण लावून दोन गोधड्यांत गुंडाळून ठेवली. दीड तासाने ती बोटाने चेपली इतकी मऊ झाली होती. सरपण वाचले, धूर वाचला आणि आवाज शून्य.

जबाबदाऱ्यांची वाटणी शिवकालीन गडाप्रमाणेच ठेवली आहे : दरवाजे आणि किल्ल्या हवालदाराकडे, हिशेब सबनिसाकडे, कोठार कारखानिसाकडे, आणि पाण्याच्या पिंपाला तिघांच्या संमतीशिवाय हात नाही. आमच्यातील ताईंनी सबनिशी घेतली असून तालमीतल्या वहीची पाने त्यांनीच आखली होती.

पुढची तालीम ८ लिटरच्या प्रमाणाने आणि पाठीवर वजन घेऊन होईल. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही तीन खांबटाक्यांची भरलेली खोली मोजू, त्याच टाक्यांची खोली पुन्हा वैशाखात मोजू, आणि दोन्ही आकडे पुढच्या नोंदीत येतील.