बेलेमचा गेंडा

लिस्बन, मंगळवार, रात्री साडेदहा

पाय बोलायला लागलेत, पण आजचं आजच लिहून ठेवते. नाहीतर परत गेल्यावर सगळी चर्चं एकमेकांत मिसळतात.

जेरोनिमोसचा मठ सोमवारी बंद असतो, त्यामुळे मंगळवारी तिथे दोन दिवसांची गर्दी. पंधरा नंबरच्या ट्रामने लिस्बनच्या बेलेम भागात उतरलो तर रांग पार लांबपर्यंत गेलेली. बाबांचं काही अडलं नाही. उभी हयात पीडब्ल्यूडीत गेली. दगडी भिंत समोर असली की त्यांचा वेळ बरा जातो. कोणी बघत नाहीसं पाहून त्यांनी भिंतीवर टकटक करून घेतली. "चुनखडीच आहे, पण चांगली टणक आहे हं." हा लियोझ दगड, लिस्बनच्या आसपासच्या खाणींतला. उन्हात डोळ्यांवर येतो, सावलीत पिवळट दिसतो.

दक्षिणेकडच्या दरवाजाचे सगळे फोटो काढतात, मीही काढले. संत, राजपुत्र, कंगोरे, झालरी, एक बोट मोकळं सोडलेलं नाही. खरं सांगायचं तर मला ते जरा जास्तच झालं. आत गेल्यावर मात्र गप्प झाले. आठ बाजूंचे, अंगभर कोरलेले सडपातळ खांब सरळ वर जातात आणि माथ्यावर माडाच्या झावळ्यांसारखे फुटून छत होतात. वेदीच्या अलीकडच्या आडव्या भागात तर मध्ये एकही खांब नाही, सगळं छत अधांतरी. बाबा मान वर करून किती वेळ तसेच उभे. "अगं, हे पडलं कसं नाही?" १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात निम्म्याहून जास्त लिस्बन कोसळलं, मागोमाग समुद्र आत आला, मग आगी लागल्या, हे छत तेव्हाही टिकलं. राजा जोझे त्या सकाळी बेलेमलाच होता म्हणून वाचला. पण त्याने भिंतींचा असा धसका घेतला की पुढे दगडी महालात राहायलाच तयार होईना. आधी तंबू, मग लाकडी वाडा.

वास्को द गामाच्या शवपेटीभोवती झुंबड होती. तो गेला कोचीला, १५२४ साली, नाताळच्या आदल्या दिवशी. त्याचे अवशेष इथे आणले ते १८८० मध्ये. शवपेटीही एकोणिसाव्या शतकातली, त्यामुळे भोवतीच्या कामापुढे जरा गुळगुळीतच वाटते. मी तिथे फार रेंगाळले नाही. मला थांबवलं ते मुख्य वेदीच्या बाजूच्या राजांच्या थडग्यांनी. मठ बांधायला काढणारा मानुएल पहिला तिथे आहे, त्याचा मुलगा जुआंव तिसराही. आणि त्या जड पेट्या पाठीवर घेऊन उभे आहेत दगडी हत्ती. कान मागे, सोंड खाली. चेहऱ्यावर हत्तीचा तो नेहमीचा सोशिकपणा, कारागिराला बरोबर साधलेला.

१५०१ च्या सुमारास काम सुरू झालं. आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून हा खर्च निघायचा. वर्षाला साधारण ७० किलो सोन्याएवढा पैसा. म्हणजे मलबारच्या किनाऱ्यावरून गेलेल्या जहाजांचाही वाटा या भिंतींत आहेच. आम्ही वसईचे. १५३४ ते १७३९ आमचा किल्ला या पोर्तुगिजांकडे होता, त्यामुळे "केवढं सुंदर!" म्हणताना मनात एक हिशेबवही उघडी राहते. ती मिटायचा मी प्रयत्नही केला नाही. सुंदर आहे ते आहेच, आणि हिशेबही आहेच.

दुपारी पास्तेल, म्हणजे इथले कस्टर्डचे टार्ट, खाल्ले, वर दालचिनी भुरभुरवून. बाबांनी तीन.

मग चालत नदीकाठच्या मनोऱ्याकडे. हा बांधला तेव्हा चहूबाजूंनी तेजोचं पाणी होतं. आता काठच सरकत सरकत त्याच्याजवळ आलाय. मला आत जाण्यात रस नव्हता, गेंडा बघायचा होता. कोपऱ्यावरच्या पहाऱ्याच्या एका घुमटीखाली, तिचा भार तोलणाऱ्या दगडात, त्याचं डोकं कोरलंय. खारा वारा खाऊन नाक-डोळे पुसट झालेत. ठाऊक नसेल तर दगडाचा गोळाच म्हणाल. आजूबाजूला शंभर माणसं सेल्फी काढत होती, वर कोणी बघत नव्हतं.

गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशाहाने हा गेंडा पोर्तुगिजांचा भारतातला गव्हर्नर अल्बुकर्क याला भेट दिला. अल्बुकर्कने १५१५ च्या जानेवारीत तो गोव्याहून जहाजात चढवला आणि २० मे रोजी तो लिस्बनला उतरला. तेव्हा हा मनोरा बांधून होत होता. मानुएल राजाने हौसेने गेंड्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीनेच पळ काढला. पुढे पोपला नजराणा म्हणून पाठवताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळीने बांधलेला तो जीवही गेला. जर्मन चित्रकार ड्यूररने या गेंड्याचं जगप्रसिद्ध चित्र काढलं ते त्याला न बघताच. अंगावर चिलखत आणि पाठीवर एक जादा शिंग देऊन. इथल्या पाथरवटाच्या गावात निदान जनावर येऊन तरी गेलं होतं.

सकाळच्या हत्तींशी मी लगेच सांगड घातली. आपल्याकडची जनावरं या इमारतींत आहेत खरी, पण कुठे? थडग्याखाली नि घुमटीखाली. बाबांना बोलून दाखवलं तर म्हणाले, "अगं, आपल्या देवळांतही हत्ती जोत्यातच असतात की." हे बाकी खरं. जोत्यातल्या हत्तींना समुद्र ओलांडावा लागला नव्हता, असं मी म्हटलं. त्यांनी हातातला कागदी पुडा उघडून चौथा पास्तेल काढला.

उद्यावरून मात्र जमलेलं नाही. मला कार्मोचं चर्च बघायचंय, भूकंपात छप्पर गेलं ते तसंच उघडं ठेवलेलं. बाबांना बायशा या शहराच्या मध्यभागातली भूकंपानंतरची घरं हवीत. तिथे भिंतींच्या आत लाकडी चौकटींचे पिंजरे घातलेत, आणि नमुन्याच्या चौकटीभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून ती हादऱ्याला टिकते का ते पाहिलं होतं म्हणे. हे वाचल्यापासून त्यांना दुसरं काही सुचत नाहीये. कार्मो दहाला उघडतं. बघू, नऊला बायशात पोचलो तर दोन्ही होईल.