सिलिंडर अपडेट: टेपर शेवटी गेला!

मंडळी, काल रात्री साडेदहाला गवत कापायच्या मशीनचा सिलिंडर नि खालचं स्थिर ब्लेड यांच्यामध्ये धरलेली वर्तमानपत्राची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत कचाकचा कापली गेली, कुठे अडकली नाही की दुमडली नाही, बायकोला उठवून दाखवलं मी. तीन आठवडे ज्याने डोकं खाल्लं तो टेपर, म्हणजे सिलिंडरचं एक टोक जाड नि दुसरं बारीक असणं, गेला!

गेल्या वेळी सांगितलेलं ना, तीनदा ग्राइंड करूनही २० इंची सिलिंडर डावीकडे जाड नि उजवीकडे बारीकच राहत होता. सहा पात्यांचा असल्यामुळे समोरासमोरची पाती व्हर्नियरमध्ये (जाडी मोजायच्या कॅलिपरमध्ये) धरता येतात, म्हणून मोजणं सोपं (पाच पात्यांवाल्यांचं हे जमणार नाही). डावीकडे १२६.४० मिमी, उजवीकडे १२६.०४. आणि गंमत म्हणजे ठिणग्या पूर्ण लांबीभर एकसारख्या पडत होत्या, त्यामुळे मी समजत होतो की सेटिंग बरोबर आहे.

तिथेच चूक होती. मी सिलिंडर ग्राइंडिंग मशीनवर लावताना डायल गेज (सुईवालं मापयंत्र) पात्यांच्या कडेला टेकवून दोन्ही टोकं शून्यावर आणत होतो. पण पाती आधीच तिरकी झिजलेली! म्हणजे ग्राइंडिंग व्हील त्या तिरक्या रेषेला समांतर फिरत होतं आणि तोच टेपर दर वेळी नव्याने चकचकीत करून देत होतं. समांतर लावायचं ते मधल्या शाफ्टला, पात्यांना नाही. कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला असलेल्या मित्राचा मॅग्नेटिक बेस आणला, गेज व्हीलच्या कॅरेजवर (व्हील धरून सरकणाऱ्या भागावर) बसवला आणि शाफ्टवर दोन्हीकडे रीडिंग घेतलं. ते पण आधी चुकलं, कारण शाफ्टवर रंगाचे थर नि खाली गंज, आमच्या बांदोड्याच्या पावसात लोखंड आठ दिवस उघडं ठेवलं तरी लाल होतं. पॉलिश पेपरने दोन्हीकडे बोटभर जागा साफ केली तेव्हा गेज स्थिर झाला.

मग चालू केलं तर ठिणग्या फक्त डावीकडे. उजवीकडे व्हील नुसतं हवेत. छातीत धस्स झालं खरं, पण तसंच व्हायला हवं होतं! दर खेपेला फीड (व्हील पुढे सरकवणं) ०.०२ मिमीच दिलं, जास्त दिलं की पात्याची कड निळी पडते आणि मग ती धार टिकत नाही. मध्ये दोनदा लाईट गेली. हळूहळू ठिणग्या उजवीकडे सरकत गेल्या, शेवटी पात्यांच्या पार टोकालाही लागल्या, तो क्षण मी विसरणार नाही. मग डायमंडने व्हील ड्रेस केलं, म्हणजे त्याचा वरचा थर खरवडून ताजा केला, आणि फीड न देता ठिणग्या मरेपर्यंत फिरवत ठेवलं.

तरी डावी बाजू ०.०६ मिमीने जाड. शाफ्ट हाताने दाबला तर डावीकडे गेजची सुई हलते, उजवीकडे ढिम्म. बेअरिंग! व्हीलचा दाब आला की ते टोक मागे सरकतं आणि तिथलं कमी घासलं जातं. मडगावहून नवीन ६२०४ नंबरचं बेअरिंग आणलं, एसकेएफचंच घ्या, स्वस्तातलं आधीचं एका सीझनमध्ये ढिलं झालेलं. बसवून परत हलके पास मारले, फरक ०.०२ वर आला. माझ्या व्हर्नियरला त्याच्यापुढे दिसतच नाही.

व्हीलबद्दल पण सांगतो. आधीचं करड्या रंगाचं कडक व्हील लगेच गुळगुळीत व्हायचं नि कापायच्या ऐवजी तापवायचं. पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइडचं ६० ग्रिट, मऊ ग्रेडचं घेतलं आणि आवाजच बदलला. कोरडं ग्राइंडिंग आहे, मास्क लावाच.

ग्राउंडवरचे काका म्हणतात एवढा खटाटोप कशाला, कार्बोरंडमची पेस्ट लावून उलटं फिरवलं की झालं. काकांचा मला आदर आहे, पण पेस्टने बोथटपणा जातो, टेपर नाही. आणि आमच्या ग्राउंडवर चिऱ्याची खडी वर येते, एक खडा गेला की पात्याला खाच, ती पेस्टने कधी भरायची?

आता पुढे रिलीफ ग्राइंड करणार होतो, पात्याच्या मागची बाजू उतरवून कडेला साधारण एक मिमीची पट्टी ठेवायची. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की आधी खालचं बॉटम ब्लेड घासायला घ्यावं, सरळ सिलिंडरखाली जुनं खड्डे पडलेलं ब्लेड ठेवलं तर एवढी मेहनत आठवड्यात वाया. पट्टी कापली गेली ती ब्लेड जरा जास्तच घट्ट टेकवल्यावर, हेही खरं. शिवाय रिलीफसाठी पात्याला टेकू देणारी फिंगर माझ्याकडे नाहीच, ती पॉवर हॅकसॉच्या तुटक्या पात्यातून बनवता येईल का? ते स्टील झिजायला दमवतं, आणि माझ्याकडे दोन तुकडे पडलेत. उद्या एक घासून बघतो, कोणी केली असेल तर टोकाचा गोलवा किती ठेवला ते सांगा.

चवथीच्या आधी मशीन काकांच्या हातात द्यायचंय, गवत गुडघ्यापर्यंत आलंय.