क्लिपलेस पेडलने श्रम खरोखर वाचतात का?

सायकलिंगमध्ये थोडे रुळलेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: क्लिपलेस पेडल (बुटाच्या तळाला लावलेली ‘क्लीट’ नावाची पट्टी ज्यात अडकते ते पेडल) लावा, पाय वर येतानाही जोर लावता येतो आणि श्रम वाचतात. जोर लावता येतो हे खरे आहे. श्रम वाचतात हे मात्र प्रयोगांत दिसलेले नाही.

स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातला साधारण 20 ते 25 टक्के वाटाच पेडलवर कामी येतो आणि बाकीची उष्णता होऊन जाते. पेडलवर 200 वॉट हवे असतील, तर शरीराला 800 ते 1000 वॉट खर्चावे लागतात. साधे बूट व सपाट पेडल, टो-क्लिप (बुटाचे टोक अडकवणारी पेडलवरची चौकट) आणि क्लीटने अडकणारे क्लिपलेस पेडल या तिन्हींवर, एकसारख्या मध्यम जोराने सायकल चालवताना लागणारा ऑक्सिजन 2016 सालच्या एका अभ्यासात मोजला गेला, तेव्हा त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही.

त्याहून विचार करायला लावणारा प्रयोग 2007 सालचा आहे. त्यात सायकलपटूंना पाय मुद्दाम वर खेचायला सांगितले, तेव्हा क्रँक (पेडल जिला जोडलेले असते ती दांडी) फिरवण्याच्या दिशेने लागणाऱ्या बलाचे प्रमाण वाढले. पण तेवढ्याच कामासाठी ऊर्जा जास्त लागली. याचे कारण स्नायूंत आहे. पेडल खाली दाबण्याचे काम नितंबाचे आणि मांडीच्या पुढच्या बाजूचे दणकट स्नायू करतात, तर पाय वर उचलणारे स्नायू त्या मानाने लहान असतात आणि लवकर थकतात. शिवाय वर येणाऱ्या पायाचे वजन बहुतांशी खाली जाणारा पाय आपोआप उचलतो, त्यामुळे त्या पायाला वेगळे राबवून हाती फारसे काही लागत नाही.

चढावर उभे राहून जीव तोडून स्प्रिंट मारताना मात्र चित्र पालटते. तिथे प्रश्न काटकसरीचा नसून काही सेकंद जास्तीत जास्त शक्ती काढण्याचा असतो, आणि पेडलला पक्का जखडलेला पाय ती काढू देतो. स्कीच्या बाइंडिंगवरून (बूट स्कीला अडकवणाऱ्या खटक्यावरून) बेतलेले लुक कंपनीचे क्लिपलेस पेडल वापरून फ्रेंच सायकलपटू बर्नार्ड इनोने 1985 ची टूर द फ्रान्स जिंकली आणि पुढे शर्यतींत हीच पद्धत रुळली. जलद केडन्सला (पेडल वेगाने फिरवताना) किंवा ओल्या पेडलवर पाय घसरत नाही, हा फायदाही मी मोठा मानतो.

मात्र क्लीट वाकडी बसली, तर पाय प्रत्येक फेरीला त्याच चुकीच्या कोनात फिरतो आणि ते गुडघ्याला भोवू शकते. म्हणून टाच थोडी डावी-उजवीकडे हलू देणारी क्लीट घ्यावी.