नुसतं टिक-टिक

सकाळी बाइकचा सेल्फ दाबला तर नुसतं टिक-टिक. हेडलाइट मंद झाला, इंजिन ढिम्म. बॅटरी गेली असंच वाटलं. तरी आधी मल्टिमीटर लावला: १२.६ व्होल्ट. म्हणजे बॅटरी चांगली भरलेली!

मग सेल्फ दाबून धरून पुन्हा मोजलं. बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज जवळजवळ तेवढंच, पण एक प्रोब निगेटिव्ह वायरच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) ठेवला की आकडा धाडकन ८ वर. करंट त्या सांध्यातच अडत होता. बोल्ट बोटांनी फिरला इतका सैल, आणि खाली पांढरट भुकटी. रिले (स्टार्टर मोटरला करंट सोडणारा स्विच) ओढला जाण्यापुरता करंट मिळत होता, स्टार्टर मोटर फिरवण्याएवढा नाही. म्हणून ती टिक-टिक.

निगेटिव्ह आधी काढली, मग पॉझिटिव्ह. (हा क्रम पाळाच. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना चॅसीला टेकला तर थेट शॉर्ट.) खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टर्मिनल धुतलं, कोरडं केलं, पॉलिश पेपरने घासलं, बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. जोडताना निगेटिव्ह शेवटी.

पहिल्याच दाबाला गाडी सुरू! रेस वाढवून पाहिलं, १४.१ व्होल्ट, म्हणजे चार्जिंगही ठीक. तो आवाज ऐकून मन भरून आलं. हात काळे झालेच होते, मग चेनही साफ करून घेतली.

तुमच्या गाडीचे टर्मिनल शेवटचे कधी पाहिलेत?