शिट्टीची तक्रार

तक्रार होती शिट्टीची. "फर्नेस चालू झाली की त्या खोलीतून शिट्टी वाजते, नातीची झोपमोड होते," एवढंच आजोबांनी फोनवर सांगितलं. थंडीचा पहिला आठवडा होता. फर्नेस म्हणजे घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी, ती दुरुस्त करणं माझं काम. त्या आठवड्यात आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. बंद पडलेल्या फर्नेस आधी, आवाज करणाऱ्या मागाहून. शिवाय या घरची वार्षिक सर्व्हिस दोनच महिन्यांपूर्वी मी स्वतः केली होती, म्हणून बिनघोर होतो. चार दिवसांनी गेलो.

आजोबा म्हणजे आमच्या धंद्यातलं आदर्श गिऱ्हाईक. फर्नेसमधला हवेचा फिल्टर महिन्याच्या महिन्याला बदलणार आणि बदलल्याची तारीख त्याच्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिणार. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूच्या अलार्मचं बटण दर एक तारखेला दाबून बघणार. मी गेलो तेव्हा तळघराचे दिवे लावून, फर्नेसच्या खोलीचं दार सताड उघडून, खुर्ची मांडून तयार होते.

फर्नेस जुन्या पद्धतीची. जळालेला वायू बाहेर ढकलायला तिच्यात पंखा नाही. तो गरम असतो म्हणून आपणहून वर चढतो, ड्राफ्ट हूडमधून, म्हणजे वरच्या उघड्या टोपीतून, फ्लूत म्हणजे धुराड्यात आणि फ्लूतून छपरावर. जळायला लागणारी हवा ती घरातूनच घेते, आणि भरपूर घेते. एक घनमीटर नॅचरल गॅसला साधारण दहा घनमीटर. वर चढणाऱ्या वायूची ओढ अगदी हलकी असते. जवळपास दुसऱ्या एखाद्या पंख्याने हवा खेचली, तर तो वायू खुशाल उलटा फिरतो.

थर्मोस्टॅट वाढवला. बर्नर पेटले, ज्योती निळ्या, स्थिर. अर्ध्या मिनिटाने ब्लोअर, म्हणजे गरम हवा डक्टच्या नळ्यांमधून घरभर फिरवणारा पंखा, सुरू झाला. पट्ट्याला लावलेलं कार्बन मोनॉक्साइडचं मीटर शून्यावर. शिट्टीचा मागमूस नाही.

"दार लावल्याशिवाय वाजत नाही ती," आजोबा म्हणाले. "एरवी दार उघडंच असतं. पण नात राहायला आलीय, पलीकडच्या खोलीत झोपते. ब्लोअरच्या आवाजाने तिला झोप येईना, म्हणून रात्री लावून घेतो."

मी आत राहिलो आणि दार ओढून घेतलं.

शिट्टी लगेच आली. दाराच्या खालच्या फटीतून हवा आत घुसत होती. पायाच्या घोट्यांना गार लागली. म्हणजे खोलीतली हवा कुणीतरी ओढत होतं. बाजूला बघितलं आणि पोटात गोळा आला. फिल्टरच्या खाचेवरचं झाकण जागेवर नव्हतं. वीतभर रुंदीची पत्र्याची पट्टी, एवढीशी. तिच्याविना ब्लोअर घरभरच्या डक्टमधून हवा घेण्याऐवजी त्या उघड्या खाचेतून, याच कोंदट खोलीतून घेत होता.

पट्टी मागच्या फळीवर होती. आजोबांनी "जास्त चांगला" म्हणून जाडसर फिल्टर आणायला सुरुवात केली होती. तो खाचेबाहेर बोटभर यायचा, झाकण बसेना, म्हणून ते फळीवर गेलं. हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. सर्व्हिसच्या दिवशी मी ती पट्टी त्याच फळीवर बघितली होती. तिच्यावरची धूळ फडक्याने पुसली होती आणि परत तिथेच ठेवली होती.

खिशातला छोटा आरसा काढून ड्राफ्ट हूडच्या कडेला धरला. ओढ नीट असेल तर आरसा कोरडा राहतो. दोन सेकंदांत तो धुरकट झाला, ओलसर. वर जायचा तो वायू तोंडावर येत होता. खाली ज्योतींची टोकं पिवळी पडून लोळायला लागली होती. आपलाच सोडलेला वायू बर्नर परत घेत होते. त्यात प्राणवायू कमी, मग जळणं अर्धवट, मग कार्बन मोनॉक्साइड. मीटरवर ९, मग १८. ३६ ला ते किंचाळलं.

गॅसचा कॉक बंद केला, दार उघडलं आणि ओरडलोच, "आजोबा, सगळ्यांना बाहेर काढा. आत्ता!"

आजी वरून नातीला घेऊन उतरल्या. पोरगी आज शाळेत गेली नव्हती. तीन दिवस सकाळी डोकं दुखतंय, दोनदा उलटी झाली, ताप मात्र नाही. शाळेत दुपारपर्यंत बरं वाटतं. "परीक्षा आहे ना, नाटकं करते," असं घरात सगळ्यांचं ठरलं होतं. माझ्या कामात "ताप नाही आणि घराबाहेर बरं वाटतं" हे दोन शब्दप्रयोग एकत्र ऐकले की पुढचं काही ऐकायचं राहत नाही. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. मोकळ्या हवेत निम्मा निघून जायलाच चार-पाच तास लागतात. शाळेत दुपारी बरं वाटायचं ते त्यामुळे.

आजोबा बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेऊन आले. "हे बघ, ९८ दाखवतंय. ठीक आहे की!" त्या यंत्राला प्राणवायू लागलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड लागलेलं हिमोग्लोबिन यातला फरक कळत नाही, दोन्ही त्याला लालच दिसतात. हे समजावत बसायला वेळ नव्हता. इमर्जन्सीला फोन लावला. दवाखान्यात रक्त तपासलं, काही तास मास्कने प्राणवायू दिला. संध्याकाळी आजोबांचा फोन आला, पोरगी हसतेय म्हणून. मी गाडी बाजूला लावून थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

अलार्म का वाजला नाही? तो वरच्या मजल्यावर होता, पोरगी तळघरात. आणि मागे छापलेल्या तारखेप्रमाणे ११ वर्षांचा, म्हणजे त्याची मुदत कधीच संपलेली. दर महिन्याला बटण दाबल्यावर तो ठणठणीत वाजायचा, पण ते बटण फक्त भोंगा आणि सर्किट तपासतं. आतला सेन्सर मेला असला तरी भोंगा वाजतोच. हे ऐकून आजोबांचा चेहरा असा पडला की मला सांगितल्याचा पश्चात्ताप झाला. खिडक्यांच्या काचांवरून सकाळी पाण्याचे ओघळ यायचे, तेही आजींनी नंतर सांगितलं. गॅस जळला की पाण्याची वाफ होते, आणि ती फ्लूतून बाहेर न जाता घरात फिरत होती.

माझी सर्व्हिस? बर्नर साफ केले होते, फ्लेम सेन्सर घासला होता, गॅसचं प्रेशर मोजलं होतं, फ्लूची ओढही बघितली होती. सगळं बरोबर आलं होतं. फक्त ओढ बघताना खोलीचं दार उघडं होतं, कारण जागा अरुंद आणि माझी पेटी उंबऱ्यात.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या जाडीचा फिल्टर घातला, झाकण बसवलं, दाराला वर-खाली हवेच्या जाळ्या कापल्या, नवे अलार्म दोन्ही मजल्यांवर लावले. मग दार लावून, स्वयंपाकघरातला आणि बाथरूमचा पंखा, कपडे वाळवायचं यंत्र, सगळं एकदम चालू करून वीस मिनिटं आत बसलो. आरसा कोरडा. मीटर शून्य.

फर्नेसच्या अंगाला माझा दोन महिन्यांपूर्वीचा फॉर्म चिकटवलेला होता, "दोष आढळला नाही", खाली माझी सही. तो काढून नवा लावला. आजोबांनी जुना मागितला, फाईलला लावायला. त्यांची फाईल असते प्रत्येक यंत्राची. म्हटलं, तो माझ्याकडेच राहू द्या.

जाळ्यांमुळे ब्लोअरचा आवाज आता आधीपेक्षा जास्त येतो. नात वरच्या खोलीत झोपते.